पाणी खाली शिरल्याशिवाय

विहिरीतली मोटर दोराने वर ओढताना एक जागा अशी येते की ओढणारी सगळी माणसं एकदम पुढं झुकतात. तोवर गप्पा मारत चाललेलं काम तिथं थबकतं, कुणीतरी "धरा, धरा" म्हणून ओरडतं आणि तळहातातून दोर वीतभर सरकून जातो. मोटर पाण्याबाहेर निघालेली असते. पाण्यात होती तोवर हलकी, बाहेर आली की जड, हे आमच्या लातूर-धाराशिवकडं कुणाला शिकवावं लागत नाही. मे महिन्यात एकदा तरी दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊन दोराला हात लावला असेल तर ते तळहातालाच ठाऊक होतं. आमचे नाना त्याचं कारणही देतात. "पाणी हात लावतंय खालून."

शाळेत मला याहून कमी शिकवलं गेलं. वस्तूनं जेवढं पाणी बाजूला सारलं, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी लागते, हा आर्किमिडीजचा नियम. मोटर ६० किलोची आणि तिचं आकारमान १० लिटर धरलं, तर पाण्यात ती ५० किलोची लागेल. गणित बरोबर येतं, गुण मिळतात. पण हे १० किलो उचलतं कोण, ते या नियमात कुठंच नाही. त्यात भर म्हणून ती हौदाची आणि मुकुटाची गोष्ट. सिराक्यूजचा आर्किमिडीज इ. स. पू. तिसऱ्या शतकातला. अंघोळीतून उठून धावल्याची गोष्ट आपल्याला मिळते ती व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराकडून, जवळपास दोनशे वर्षांनंतर. गोष्ट मजेशीर आहे म्हणून टिकली. माझ्या मते तिनं नुकसानही केलं. पोरांच्या लक्षात उघडा म्हातारा राहतो आणि पाणी नेमकं काय करतं हा प्रश्न तसाच राहतो.

पाणी काय करतं ते बघायला एक घडीव चिरा घेऊ. आपल्याकडचा काळा दगड, बेसॉल्ट. तळ २० सेंटिमीटर बाय २०, उंची २५. म्हणजे १० लिटर आकारमान आणि वजन साधारण २८ किलो. हा चिरा दोराला बांधून विहिरीत असा सोडा की त्याची वरची बाजू पाण्याखाली २ मीटरवर राहील. पाण्यात दर १० मीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर १ किलोचा दाब वाढतो. त्या हिशेबानं चिऱ्याच्या माथ्यावर पाणी ८० किलोचा जोर खाली लावतंय. तळ २५ सेंटिमीटर आणखी खोल आहे, तिथं पाणी खालून वर ९० किलोचा जोर लावतंय. बाजूंचे जोर एकमेकांना मारून टाकतात. उरले १० किलो, वरच्या दिशेला. २८ किलोचा चिरा हाताला १८ किलोचा लागतो तो एवढ्यानं.

आता तोच चिरा १२ मीटरवर सोडा. माथ्यावर ४८० किलो, तळाखाली ४९०. उरले पुन्हा १०च.

हे गणित मी पहिल्यांदा मांडलं तेव्हा मला त्या १० किलोंपेक्षा ४८० आणि ४९० हे आकडेच जास्त चक्रावून गेले. एवढी मोठी दोन माणसं एकमेकांना रेटतायत आणि आपण समजतोय की कुणीतरी हलकेच हात लावलाय. उचलणारा वेगळा असा कुणी नाहीच. सगळीकडून दाबणं हेच पाण्याचं काम, आणि खालची बाजू वरच्यापेक्षा थोडी खोल असल्यामुळं जो फरक राहतो तो आपल्या पदरात पडतो. यातून एक गोष्ट आपोआप येते, जी शाळेत कधी आली नाही. खालून पाणी मिळालंच नाही तर?

मिळालं नाही तर काय होतं, ते गाळात बसलेली मोटर दाखवते. एका उन्हाळ्यात आमच्या विहिरीतली ओपनवेल मोटर (पाण्यात बुडवून ठेवायची) आधारावरून घसरून तळाला गेली आणि काळ्या गाळात आडवी रुतली. वर तीन परस पाणी होतं, म्हणजे १८-२० फूट. पाच-सहा माणसं दोराला, तरी मोटर जागची हलेना.

"हलना गेलीय नाना," एक पोरगा म्हणाला. "कशात तरी अडकलीय."

मिस्त्री काठावर बसून तंबाखू मळत होते. "अडकली न्हाई. चिटकलीय. झटके देऊ नका मालक, दोर तुटंल."

मग त्यांनी जे केलं ते मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आहे. एका पोराला बुडी मारायला लावून मोटरीच्या बुडाशी एक लोखंडी पाइप खुपसायला लावला आणि वरून दुसऱ्या पंपाचं पाणी त्यात सोडलं. सोबत दोर एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. दहा मिनिटांत गाळाचा ढग वर आला आणि मोटर अशी सुटली की ओढणारे मागं बसले.

गाळात पाणी नसतं असं नाही; असतं, आणि त्यालाही दाब असतो. पण चिकण काळ्या गाळातून ते हळू चालतं. झटका दिला की मोटर केसभर वर उचलली जाते, तिच्याखाली फट पडते, आणि त्या फटीत पाणी वेळेवर पोचत नाही. खालचा दाब एकदम पडतो. वरचा मात्र तेवढाच राहतो, वीस फूट पाण्याचा आणि शिवाय त्यावरच्या हवेचा. मघाच्या चिऱ्याच्या हिशेबातले खालचे ९० किलो काढून घ्या आणि माथ्यावरचे ८० तसेच ठेवा, म्हणजे पोरं का दमली ते कळेल. पाऊस झालेल्या काळ्या रानात बूट रुततो तेव्हा हेच होतं. ओढला तर पाय निघतो आणि बूट तिथंच राहतो. टाच हलवून हवा आत जाऊ दिली की निघतो. मिस्त्रींनी मोटर उचलली नाही. त्यांनी पाण्याला खाली शिरायला वाट करून दिली.

मोटरींचा विषय निघालाच आहे तर बोअरची एक गोष्ट. सहाशे-सातशे फूट बोअर ही आमच्याकडं आता बढाईची गोष्ट राहिली नाही, गरजेची झाली. त्यात सोडलेल्या मोटरीवर कधी तीनशे फूट पाणी उभं असतं. तीनशे फूट म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ९ किलोच्या आसपास. पोकळ डबा असता तर चेपला असता. मोटर चेपत नाही, कारण सोडण्याआधी तिच्या आतच पाणी भरलेलं असतं. बाहेर ९, आत ९. दुकानात मिस्त्री मोटर उभी धरून, स्क्रू काढून, बुडबुडे थांबेपर्यंत स्वच्छ पाणी ओततात ते याचसाठी, आणि आतल्या बेअरिंगना वंगण नि गारवा मिळावा म्हणूनही. विजेवर चालणाऱ्या वस्तूत मुद्दाम पाणी भरायचं, हे शहरातून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला मला आवडतं. त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

आणि बोअर साडेसहा इंची आहे की पैठणच्या नाथसागराएवढी, याचा त्या ९ किलोंशी काही संबंध नाही. नाथसागर तुंबला की पन्नासेक किलोमीटर लांब पसरतो. जायकवाडीच्या भिंतीवर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि मनात येतंच की एवढं सगळं पाणी या भिंतीला रेटतंय. तसं नाही. चाळीस फूट खोलीवर नाथसागरात जो दाब, तोच आमच्या चाळीस फूट पाणी असलेल्या विहिरीत. पाणी मागं किती कोस पसरलंय हे भिंतीला कळत नाही, फक्त किती उंच उभं आहे तेवढं कळतं. हे पहिल्यांदा नीट मांडलं सायमन स्टेव्हिन यानं, १५८६ साली, नेदरलँड्समध्ये. समुद्राला बांध घालून त्याच्यापेक्षा खालच्या पातळीवर राहणाऱ्या लोकांत हा विचार उगवावा, यात नवल नाही. समोर अख्खा समुद्र असूनही बांध टिकतो तो कसा, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता.

स्टेव्हिननंतर तीसेक वर्षांच्या आतच, त्याचं नावही ऐकलं नसेल अशा माणसांनी, आपल्याकडं नळदुर्गला बोरी नदीवर दगडी बंधारा घातला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम, १६१३च्या सुमाराचं. वरचं कुरनूर धरण भरून बोरी जोरात वाहायला लागली की नर-मादी धबधबे बघायला सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. मला धबधब्यांपेक्षा पाणीमहाल महत्त्वाचा वाटतो. बंधाऱ्याच्या पोटातच खोल्या. पायऱ्या उतरून आत जायचं, सज्जात उभं राहायचं, समोरून पाण्याचा पडदा कोसळतो आणि अंगावर थेंब नाही. सगळे त्या पडद्याचे फोटो काढतात. मी तिथं गेलो की पडद्याकडं पाठ करतो. मागची भिंत बघतो. त्या दगडांपलीकडं पाणी उभं आहे.

बंधारा सुमारे ९० फूट उंच, म्हणजे २७ मीटर. पाणी माथ्यापर्यंत आलं असं धरलं तर माथ्याशी दाब शून्य, पायाशी दर चौरस मीटरला २७ टन, सरासरी साडेतेरा. म्हणजे बंधाऱ्याच्या दर एक मीटर लांबीवर साडेतीनशे टनांहून जास्त जोर, तोही आडवा. उंची निम्मी केली तर हा जोर निम्मा होत नाही, पाव होतो, कारण सरासरी दाबही निम्मा आणि भिंतही निम्मी. हे आकडे तिथल्या गवंड्यांनी मांडले नसतील. पण भिंत अजून उभी आहे, आणि तिच्या पोटात माणसांना हवा खायला खोली ठेवण्याइतका त्यांचा स्वतःच्या कामावर विश्वास होता. आजचा कुणी अभियंता हौसेखातर असं काही नकाशात काढेल असं मला वाटत नाही.

धरणाला खरी भीती समोरच्या रेट्याची कमी आणि पायाखालच्या पाण्याची जास्त, हे मात्र जगाला फार उशिरा कळलं. फ्रान्समध्ये बुझे नावाचं दगडी धरण १८९५ साली फुटलं आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पाण्याकडच्या बाजूला भेगा पडल्या होत्या, पाणी त्या भेगांत शिरलं आणि वरचा भाग खालून उचलू लागलं. दगडी धरण उभं राहतं ते आपल्या वजनावर. पाण्यानं खालून हात लावला की ते वजन कमी होतं, आणि समोरचा रेटा होता तेवढाच राहतो. गाळातल्या मोटरीचं हे अगदी उलटं आहे. तिथं पाणी खाली शिरावं म्हणून धडपड, इथं शिरू नये म्हणून. त्यानंतरच्या मोठ्या दगडी आणि काँक्रीटच्या धरणांत आत बोगद्यासारखी गॅलरी ठेवतात, पायात भोकं पाडून झिरपणारं पाणी तिच्यात घेतात आणि बाहेर काढून देतात. खालचं पाणी दाबून ठेवण्यापेक्षा त्याला वाट दिलेली बरी.

पोहण्याबद्दल लिहायला पाहिजे, कारण आमच्याकडं पाण्याची पहिली ओळख विहिरीतच होते. पाठीला सांगड बांधून. वाळलेले दोन भोपळे, नाहीतर आता पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन. कॅन पूर्ण बुडाला तर पाच किलोच्या आसपास उचलतो, अर्धा बुडाला तर त्याच्या निम्मं. म्हणजे तो जेवढी गरज तेवढंच देतो, आणि पोराचं डोकं वर ठेवायला तेवढं पुरतं. छाती भरून श्वास घेतलेला माणूस तसाही पाण्यापेक्षा किंचित हलका असतो. श्वास सोडला की किंचित जड. जगणं आणि बुडणं यांत फरक छातीतल्या दोन-तीन लिटर हवेचा. घाबरलेलं पोर ओरडतं, म्हणजे नेमकी ती हवाच सोडून देतं. "वरडू नको, छाती भर" असं जुनी माणसं काठावरून दरडावतात ते बरोबर आहे.

भरल्या विहिरीच्या तळाची माती मुठीत आणायची पैज आमच्या वेळी फार चालायची. कुणी केली तर मी आता रागावतो. त्यातला धोका पोरांना दिसत नाही. वर तरंगणारं अंग खाली गेलं तरी आपोआप वर येईल, असं त्यांना वाटतं. दहा-बारा फुटांवर कान दुखायला लागतात, तो दाब सगळ्यांना कळतो. पण छातीतली हवाही दाबली जात असते. ३३ फुटांच्या आसपास ती निम्मी होते. पाणी उचलतं ते आकारमानाला. छाती लहान झाली की उचलणंही कमी झालं. तेवढ्या खोलीवर अंग वर यायचं थांबतं, आणि त्याहून खाली ते स्वतःहून खालीच जायला लागतं. मघाचा चिरा दोन मीटरवर असो की बारा, त्याला १० किलोच मिळत होते, कारण दगड चेपत नाही. माणूस चेपतो.

शेततळ्याचं तर आणखी वाईट. तिथं खोली विहिरीएवढी नसते, पण उतारावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद शेवाळानं बुळबुळीत होतो आणि पोहणाऱ्यालाही वर चढता येत नाही. काठाला खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर आत सोडून ठेवायला शंभर-दोनशे रुपये लागतात. ज्या तळ्याला तो नाही, त्याच्या मालकाशी मी भांडतो.

याच कागदावरून नानांचा मला गेल्या पावसाळ्यात फोन आला होता. तळं उन्हाळ्यात पार रिकामं झालेलं, जुलैत सलग झड लागली, आणि एका सकाळी तळ्यातला कागद मधोमध म्हशीच्या पाठीसारखा फुगून वर आलेला. कुणी म्हणालं खाली वायू धरलाय, कुणी म्हणालं कागदच खराब निघाला. कागदाखाली कुजणाऱ्या घाणीचा वायू धरतो हे खरं आहे, तसं होतंही. पण नानांच्या तळ्याचा फुगवटा पायानं दाबला तर डुचमळत होता. वर शेजारचं रान चिबडलेलं, बांधाखालून पाझर फुटलेले. ते पाणी तळ्याच्या मुरमातून कागदाच्या खाली आलं होतं, आणि वर दाबायला काहीच नव्हतं. कागदाचं वजन धरायचं कारण नाही. हे प्लॅस्टिक मुळात पाण्यापेक्षा हलकं असतं, एकटं सोडलं तर तरंगतंच.

"मग आता? भोक पाडू का?" नाना.

"भोक पाडू नका. विहिरीला पाणी आलंय ना? मोटर लावा आणि तळ्यात सोडा. हळूहळू, एका कडंनं."

"पावसाळ्यात तळं भरू? लोक हसतील की."

"सगळं नाही भरायचं. शेजारच्या चरात पाणी कुठवर आलंय ते बघा. तळ्याच्या तळापासून तीन फूट वर असंल तर आत तीन फूट ठेवा. बाहेर जेवढं उभं, तेवढं आत उभं पाहिजे."

नाना थोडा वेळ काही बोलले नाहीत. मागं बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"चरात आडीच फूट हाय," ते म्हणाले. "मी तीन सोडतो."

दोन दिवसांनी कागद बसला. मधे एक मोठी सुरकुती राहिली, ती ताणून काढायची तर तळं पुन्हा रिकामं करावं लागेल. ते आता मार्चमध्ये, आणि त्याआधी बाजूनं खोल चर खणून वरचं पाणी ओढ्याला काढून द्यायचं ठरलंय. जेसीबीवाल्याशी बोलणं झालंय, दरावर अजून ओढाताण चालू आहे.